ॲबटची परवानगी

माझ्या धाकट्या भावाने नोकरी सोडून मठात जायचं ठरवलं, हे त्याने मला ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, काडीवर भाजलेल्या मांसाचे साते खाताखाता सांगितलं. मी हातातली काडी खाली ठेवली आणि विचारलं, "कुठल्या मठात?" मला वाटलं, ऑफिसवाल्यांनी काढलेल्या कुठल्याशा ध्यानाच्या शिबिराबद्दल बोलतोय. सिंगापुरात बँकांचे मनोरे असतात, मॉल असतात. मठ कुठून आला? "बेनेडिक्टाइन संन्याशांच्या," तो म्हणाला आणि माझ्या ताटलीतली काकडी उचलून खाल्ली. आमचं हे ध्यान असंच आहे. उद्या जग बुडणार असं सांगायचं असलं तरी आधी काकडी खाईल.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. घरात बोलतो ती बोली निराळी, ती जशीच्या तशी लिहिली तर निम्म्या वाचकांना कळणार नाही, म्हणून इथे सगळ्यांचं बोलणं सरळ मराठीत लिहिते. बाबांची केळीची वाडी होती. मी लग्न केलं पुण्याच्या हिंदू मुलाशी आणि आम्ही दोघं नोकरीसाठी इकडे आलो. माझं ऑफिस तांजोंग पगारला. भाऊ इंजिनिअर होऊन मागोमाग आला, त्यालाही एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीचा परवाना, मिळाला आणि आमच्या फ्लॅटमधली लहान खोली त्याची झाली. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा, मग समुद्राकाठी सायकल, मग खाणं. मला वाटत होतं, पोरगा मार्गी लागला. त्याचा मार्ग भलतीकडेच निघाला होता आणि एका छपराखाली राहून मला त्याचा पत्ता नव्हता. मठापेक्षा मला या गोष्टीचाच धक्का जास्त बसला.

घरी आल्यावर नवऱ्याने त्याची उलटतपासणी सुरू केली. "म्हणजे तिथे मठाधिपती असतो?"

"असतो. ॲबट म्हणतात त्याला."

"त्याच्यामागे गादी कुणाकडे जाते? पुतण्याकडे?"

भाऊ हसला. म्हणाला, गादीबिदी काही नाही. ज्यांनी कायमची व्रतं घेतली आहेत ते सगळे मिळून गुप्त मतदानाने आपल्यातल्याच एकाला निवडतात. आणि एकदा निवडला की त्याचं ऐकायचं, अगदी आपण त्याला मत दिलेलं नसलं तरीही. नवरा म्हणाला, "आपल्याकडे उलट आहे. आधी निवडून द्यायचं आणि मग शिव्या घालायच्या." तो दिवस असा हसण्यावारी गेला. आता मात्र वसईला कळवायचं होतं आणि ते मलाच करावं लागणार होतं.

आमच्याकडे मुलगा फादर झाला तर गावभर मिरवणूक निघते. आई-बाप पहिल्या बाकावर बसतात, मुलाच्या हातून ख्रिस्तप्रसाद घेतात, जन्माचं सार्थक होतं. बाबांनी बँडसुद्धा लावला असता. पण हा फादर होणार नव्हता. हा नुसता ब्रदर होणार होता, परक्या देशातल्या एका मठात जन्मभर राहणार होता, आणि तो मठ सोडून दुसरीकडे जाणार नाही असंसुद्धा व्रत घेणार होता. एकुलता एक मुलगा. वाडीकडे कोण बघणार? बाबांनी माझ्याशी बोलायचं नाकारलं आणि त्याला फोनवर बोलावून घेतलं. काय बोलले ते आम्हाला कळलं नाही. तो गॅलरीत उभा राहून ऐकत होता, "हो बाबा" एवढंच म्हणत होता.

बाबांच्या रागाचं मला फारसं काही वाटलं नाही, ते खरं म्हणजे माझ्या अनुभवामुळे. माझ्या लग्नाच्या वेळी ते मलाही म्हणाले होते, "या घराचा उंबरा चढू नकोस." मी नाताळला केक घेऊन गेले. दार त्यांनीच उघडलं, केक कापला आणि यात मनुका कमी आहेत म्हणून कुरकुर केली. तो विषय तिथेच संपला. बाबांचं बोलणं ऐकायचं आणि आपल्याला हवं ते करायचं, हे मी लहानपणापासून शिकले होते. भावाने हे शिकायचं राहून गेलं होतं, पण हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

तो गेला. पास रद्द झाला, लहान खोली रिकामी झाली, तिथे नवऱ्याने इस्त्रीचं टेबल ठेवलं. मला वाईट वाटतच होतं, पण आम्ही पहिल्यांदा त्याला भेटायला गेलो तेव्हा मला जे वाटलं त्याला वाईट वाटणं म्हणता येणार नाही. मी हबकले. एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, जाऊन पुढे बस, आणि मग एका मोठ्या कॉन्डोच्या, श्रीमंतांच्या सोसायटीच्या, मागे तो मठ. कॉन्डोच्या स्विमिंग पूलमध्ये पोरं किंचाळत होती आणि कुंपणाच्या अलीकडे काळ्या झग्यातले लोक एका रांगेत प्रार्थनेला चालले होते. रांग वयाप्रमाणे नव्हती, शिक्षणाप्रमाणे नव्हती. जो मठात आधी आला तो पुढे. माझा इंजिनिअर भाऊ सगळ्यांच्या मागे. त्याच्या पुढे एक पोरसवदा ब्रदर, केवळ वर्षभर आधी आला म्हणून.

दाराशी ॲबट उभे होते. सिंगापुरी चिनी, बुटके, साठीच्या पुढचे, गळ्यात क्रूस. पूर्वी शाळेत शिकवायचे म्हणे. एका ब्रदरच्या हातात तांब्या आणि तस्त होतं. ॲबटनी माझ्या हातावर पाणी घातलं आणि टॉवेलने माझे हात स्वतः पुसले. पाहुणा आला की हे करायचं, अशी त्यांची पद्धत. मी अवघडून गेले. आपल्याकडे इतका मोठा माणूस आपले हात धुतो म्हटलं तर आपण पळून जाऊ. नवऱ्याने मात्र शांतपणे दोन्ही हात पुढे केले. "नंतर लंच," ॲबट म्हणाले. "नो टॉकिंग, ओके? ओन्ली ईटिंग." आणि खरोखरच जेवताना कुणी बोललं नाही. एक ब्रदर उंच स्टुलावर बसून कुठल्याशा ध्रुवाच्या प्रवासाचं वर्णन वाचत होता आणि बाकीचे माशाची आमटी खात होते. मीठ हवं असलं तर बोटाने खूण करायची. माझ्या भावाने मला अशी खूण केली तेव्हा मला रडू आलं.

पुढे पुढे मला या सगळ्याची सवय झाली, एका गोष्टीची सोडून. ती गोष्ट म्हणजे परवानगी. दात दुखला तर ॲबटना विचारायचं. फोन करायचा तर विचारायचं. जुनी चप्पल फाटली तर विचारायचं. "अरे, तू पन्नास लोकांच्या टीमचा मॅनेजर होतास," मी त्याला म्हणायचे. तो म्हणायचा, "ताई, तिथेही रजा मागावीच लागायची." या उत्तराने माझा जास्तच भडका उडायचा. माणूस म्हणून ॲबट मला आवडायचे. पण एका माणसाच्या हातात दुसऱ्या माणसाचा एवढा सगळा दोर असावा, हे मला काही केल्या पटत नव्हतं.

आणि मग बाबा गेले.

आजारी होतेच. यकृताचं दुखणं, शेवटचे दोन-तीन महिने अंथरुणावर. मी शेवटच्या दोन दिवसांत पोहोचले, तेव्हा त्यांची वाचा गेलेली होती. निघताना विमानतळावरून मी मठात फोन केला होता, भाऊ फोनवर आला होता. मी म्हटलं, "बाबांचं काही खरं नाही, ये." तो म्हणाला, "येता येणार नाही." एवढंच. का, असं मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? ॲबटनी सोडलं नसणार. पुढे मी तेच आईला सांगितलं, आईने गावाला सांगितलं. शवपेटीला खांदा द्यायला माझा नवरा होता, चुलत भाऊ होते, मुलगा नव्हता. दफनभूमीत आई माझ्या कानाशी म्हणाली, "त्या मोठ्याला देव बघून घेईल." मोठा म्हणजे ॲबट.

त्यानंतर आईच्या घरात त्या माणसाचा उल्लेख "तो मोठा" असाच व्हायचा. मीही मठात जायचं कमी केलं. गेले तरी ॲबटशी बोलायची नाही, पाणी घातल्यावर हात स्वतःच पुसायची. ते काही म्हणायचे नाहीत. मला त्याचाही राग यायचा.

भावाची तात्पुरत्या व्रतांची वर्षं संपत आली. आता कायमची व्रतं. त्यानंतर परतीचा रस्ता नाही. मठाकडून आईला बोलावणं आलं आणि आई म्हणाली, येते. मला हायसं वाटलं. वाटलं, निवळली. चांगी विमानतळावर ती व्हीलचेअर नाकारून चालत बाहेर आली, टॅक्सीत बसली आणि म्हणाली, "मी आशीर्वाद द्यायला आलेली नाही. मी त्याला न्यायला आलेय." मी म्हटलं, "आई, सगळे पाहुणे येणार आहेत. बिशप येणार आहेत." ती म्हणाली, "येऊ दे की. सगळ्यांसमोर विचारते त्या मोठ्याला. बापाच्या मयताला सोडलं नाहीस, आणि आईला उरलेला एक मुलगा तोही मागतोस? सगळ्यांसमोर हो म्हणू दे त्याला." तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता.

विधीच्या आदल्या दिवशी घरच्यांना मठात जेवायला बोलावलं होतं. नवऱ्याला ऑफिस होतं, आम्ही दोघीच गेलो. दाराशी तांब्या आणि तस्त. आईने हात मागे घेतले. "मी घरून धुऊन आलेय," ती म्हणाली. मी भाषांतर केलं नाही, पण ते कळायला भाषा लागत नव्हती. ॲबट हसले आणि बाजूला झाले. "वेलकम, आंटी." आई मला म्हणाली, "माझ्याच वयाचा आहे आणि आंटी म्हणतो."

जेवण मुकाट्याने झालं. मग पाहुण्यांच्या खोलीत आम्ही बसलो. आई, मी, भाऊ आणि ॲबट. आईने पिशवीतून सुकेळी काढली. राजेळी केळी सोलून, उन्हात सुकवून, केळीच्याच सोपटात घट्ट बांधतात, ती. हल्ली ती करणारी घरं फार राहिली नाहीत. आईने बाबांनी लावलेल्या शेवटच्या केळींची केली होती, एकटीने, रोज गच्चीत नेऊन घालायची आणि संध्याकाळी आत आणायची. भावाने ती दोन्ही हातांनी घेतली. वास घेतला. क्षणभर माझा तोच भाऊ मला दिसला. मग तो वळला आणि ती सगळी गाठोडी ॲबटच्या हातात दिली.

ॲबटनीही वास घेतला. हे काय, कसं करतात, असं मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, दारातून एका म्हाताऱ्या ब्रदरना हाक मारली आणि सगळी सुकेळी त्यांच्या हवाली केली. हे म्हातारे प्रार्थनेच्या गाण्यात माझ्या भावाच्या रोज चुका काढायचे आणि त्यांना त्याचं तोंड बघवत नसे, हे मी त्याच्याकडूनच ऐकलं होतं. त्यांनी ती झग्यात घातली आणि चालते झाले.

आई बघतच राहिली. "काय केलं त्यांनी?"

मी भावाकडे बघितलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "इथे कुणाचं स्वतःचं काही नसतं, आई. घरून काही आलं तरी ॲबटना द्यायचं. कुणाला द्यायचं ते ते ठरवतात."

"आईने दिलेलं पण?"

"आईने दिलेलं पण."

मी सुन्न झाले. इतकी वर्षं मी सगळ्यांसाठी मिळूनच खाऊ नेत आले होते, त्यामुळे हा नियम माझ्या वाट्याला आलाच नव्हता. आई माझ्याकडे वळली. "यांना सांग. बाप मेला तेव्हा याला सोडलं नाहीत. आता आईच्या हातचा घास याच्या तोंडात पडू देत नाही. उद्या याला कायमचा घेणार. तुम्हाला जन्म दिला तिने असं कुणाला देऊन टाकलं होतं का, विचार."

मी सुरुवात केली, "माय मदर इज अ लिटल अपसेट..."

"एवढंच?" आई म्हणाली. "मी एवढं बोलले आणि तुझं एवढ्यात झालं? नीट सांग. गाळू नकोस."

मग मी काही गाळलं नाही. शब्दाला शब्द सांगितलं, आणि खरं सांगते, सांगताना मला बरं वाटलं. तो राग माझाही होताच की.

ॲबटनी सगळं ऐकलं. मयताचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्या भावाकडे बघितलं. भाऊ फरशीकडे बघत होता. मग ॲबट खुर्चीवरून उठले. मला वाटलं, अपमान झाला, चालले. ते उठून आईसमोर आले, एका हाताने खुर्चीची पाठ धरली आणि कण्हत कण्हत गुडघे टेकून खाली बसले. "आंटी, आय ॲम सॉरी," ते म्हणाले. "फॉरगिव्ह मी." आणि डोकं खाली घातलं.

आई ताडकन उभी राहिली. इतक्या रागाने आलेली बाई, पण देवाचा माणूस पायाशी बसलेला तिला कसा चालणार? "अहो, उठा. हे काय करता? उठवा गं यांना कुणीतरी." मी जागची हलू शकले नाही. ॲबटही उठले नाहीत.

"आई," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज अनोळखी वाटला. "त्यांनी मला सोडलं होतं."

"काय?"

"ताईचा फोन आला तेव्हा ते शेजारीच उभे होते. फोन ठेवल्या ठेवल्या म्हणाले, जा. तिकीट काढायलासुद्धा एका ब्रदरना सांगितलं. मीच नाही म्हटलं. घरच्यांची इच्छा नाही, असं मी त्यांना सांगितलं."

"कुठल्या घरच्यांची?" आईने विचारलं. "मी वाट बघत होते. ही फोन करत होती. कुठल्या घरच्यांची?"

"बाबांची. मी मठात यायचं ठरवलं तेव्हा फोनवर बाबा म्हणाले होते, जातोस तर जा, पण माझ्या मयतालाही येऊ नकोस."

मला काय झालं ते सांगता येणार नाही. हसू यावं आणि त्याच्या एक ठेवून द्यावी असं एकाच वेळी वाटलं. हे वाक्य? असलं वाक्य बाबा महिन्यातून एकदा कुणाला ना कुणाला म्हणायचे. मला म्हणाले होते, चुलत्याला म्हणाले होते, पंप दुरुस्त करायला उशिरा आलेल्या माणसाला म्हणाले होते. त्या माणसांतला प्रत्येक जण मयताला आला होता. ज्याची वाट सगळं घर बघत होतं तो एकटा आला नाही, कारण त्याने बापाचा शब्द खरा धरला. मी आणि आईने ज्या माणसाला इतके दिवस शिव्याशाप दिले तो आमच्यासमोर गुडघ्यांवर बसून क्षमा मागत होता, आणि त्याने याला पाठवायचा प्रयत्न केला होता.

ॲबटनी मला विचारलं, तो काय म्हणाला. मी सांगितलं. "मला म्हणाला, फॅमिली डझन्ट वॉन्ट," ते म्हणाले. "मी परत विचारलं नाही. का, असं विचारलंच नाही. दॅट इज माय जॉब, यू नो? विचारणं. यातल्या प्रत्येकासाठी एक दिवस मला देवासमोर उत्तर द्यायचं आहे. आणि मी विचारलं नाही." त्यांची क्षमायाचना नाटकी नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

आई हळूहळू खाली बसली. तिने भावाकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत ती बोलली, आणि जे बोलली ते मलाही तोवर माहीत नव्हतं.

"ते विचारत होते रे. वाचा जाईपर्यंत रोज विचारत होते. आला का? दूधवाला आला तरी विचारायचे, आला का. शेवटी मी खोटं सांगितलं, निघालाय म्हणून. तेव्हापासून दाराकडे तोंड करून झोपायला लागले. कूस बदलू द्यायचे नाहीत. तुला मी मुद्दाम कळवलं नाही. म्हटलं, परवानगी मिळायची नाही, तर उगाच पोराचा जीव कशाला टांगणीला लावायचा."

माझा भाऊ बाबा गेल्यापासून रडला नव्हता. फोनवरही नाही, मी परत आल्यावर भेटले तेव्हाही नाही. मला वाटायचं, मठात तेही शिकवत असतील. त्या दिवशी तो फरशीवर बसला आणि आईच्या मांडीला कपाळ लावून असा रडला की बाहेरून जाणारे ब्रदर थांबले. ॲबटनी खूण करून त्यांना पुढे पाठवलं. त्यांनी त्याला गप्प करायचा प्रयत्न केला नाही. आई त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेली आणि तो हात मध्येच थांबला, मग त्याच्या केसांवर टेकला.

बऱ्याच वेळाने ॲबट खुर्ची धरून उठले. "उद्याचा विधी होणार नाही," ते म्हणाले. मी भाषांतर केलं. "तो तुमच्याबरोबर घरी जाईल, आंटी. तुम्ही जा म्हणाल तेव्हा इकडे येईल."

"आणि मी नाहीच म्हटलं तर?"

"तर येणार नाही."

भावाने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर मी भीती पहिल्यांदा बघितली. उद्या, उद्या त्याचं सगळं आयुष्य ठरायचं होतं, बिशप येणार होते, केक सांगून झाला होता. ज्या हक्काचा मला इतका राग होता, तो दुसऱ्याच्या आयुष्याचा दोर हातात ठेवण्याचा हक्क, ॲबटनी एका वाक्यात माझ्या आईच्या हातात देऊन टाकला. मग ते पाहुण्यांना एकेक फोन करायला निघून गेले. टॅक्सीत मी आईकडे बघितलं. हवं ते मिळालेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

तो वसईला गेला. वाडीत काम करू लागला, रोज संध्याकाळी दफनभूमीत मेणबत्ती लावून यायचा. रविवारी मी फोन करायचे. तो म्हणायचा, ठीक आहे. आई म्हणायची, जेवतो, बारीक झालाय. जाऊ का, असं तो विचारत नव्हता. जा, असं ती म्हणत नव्हती. व्हॉट्सॲपवर ती मला वाडीचे फोटो पाठवायची आणि त्यातल्या एका कोपऱ्यात तो पाठमोरा असायचा. ॲबटनी एकदाही फोन केला नाही. मला वाटायचं, आईने त्याला ठेवूनच घेतलंय आणि बरंच झालं. असं वाटण्याची मला लाज नव्हती आणि आजही नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्याअखेरीस एका दुपारी ऑफिसात तिचा फोन आला. ती कामाच्या दिवशी कधी फोन करत नाही. मी घाबरून लिफ्टपाशी जाऊन उभी राहिले.

"आज त्याला जा म्हणून सांगितलं," ती म्हणाली.

"का?" मी जवळजवळ ओरडलेच. "कुणी काही बोललं का? तो काही बोलला का?"

"तो कुठे काय बोलतो? संध्याकाळी तुझ्या बाबांच्या खोलीत प्रार्थना म्हणतो, इंग्रजीत. मी बाजूला भाजी निवडत असते. एक ओळ म्हणतो आणि गप्प बसतो. मग पुढची म्हणतो, परत गप्प. मला वाटायचं, विसरतो. काल विचारलं. म्हणाला, मठात दोन रांगा समोरासमोर उभ्या असतात. एक ओळ या रांगेने म्हणायची, पुढची समोरच्यांनी. मी माझी म्हणतो, त्यांची ते म्हणतात. मी म्हटलं, इथे ते नाहीत, तर दोन्ही तूच म्हण. म्हणाला, म्हणून बघितलं आई, होत नाही."

लिफ्ट आली आणि गेली.

"तुझे बाबा दाराकडे तोंड करून विचारायचे आणि गप्प पडून वाट बघायचे," आई म्हणाली. "आता हा भिंतीकडे तोंड करून एक ओळ म्हणतो आणि तसाच गप्प बसून वाट बघतो. त्याच खोलीत. दुसऱ्यांदा नाही बघवत गं मला."